सावळारामचा कौल

वीज गेली आणि शेडमधले सगळे लूम एकदम गप्प झाले. एरवी त्या खडखडाटाला मी रोज शिव्या घालते, पण त्या दुपारी तो थांबायला नको होता. कारण कापडाच्या ताग्यांच्या थप्पीमागे माझी भाची मृणाली लपून बसली होती आणि तिचे हुंदके आता नारपोलीच्या रस्त्यापर्यंत ऐकू गेले असते.

"तोंडात फडका कोंब," मी म्हटलं. बिचारीने लगेच कोंबला. तिच्या साडीला अजून रॉकेलचा वास मारत होता. सकाळी तिच्या नवऱ्याने, कुणालने, तिच्या अंगावर डबा ओतला होता. तो काडेपेटी शोधत होता तेवढ्यात ती मागच्या दाराने निसटली आणि कोन गावातल्या सासरहून रिक्षाने थेट माझ्याकडे आली. मुलीला 'चांगलं घर' मिळालं म्हणून आम्ही पेढे वाटले होते. आग लागो त्या चांगल्या घराला.

कामगार जेवायला गेले होते. शेडमध्ये ती, मी आणि सावळाराम.

सावळाराम म्हणजे यंत्रमानव. आमच्या ह्यांनी, तुळशीरामांनी, एका कंपनीकडून वापरून बघायला आणलेला. माणसाएवढा उंच, काळसर रबराच्या कातडीचा, बॅटरीवर चालणारा. दिवसभर लूमवरचे तुटलेले धागे जोडायचा. मराठी तो ह्यांच्याकडूनच शिकला, म्हणून बोलायचाही आमच्यासारखंच. कंपनीचा साहेब त्याला सोडायला आला तेव्हा छाती पुढे काढून सांगून गेला, "याला खोटं बोलताच येत नाही."

झालं, लोकांना तेवढंच पुरलं. आमच्याकडे अडलंनडलं की गावदेवीला कौल लावतात. मूर्तीला दोन बाजूंना फुलं चिकटवायची, उजवीकडचं पडलं तर होकार, डावीकडचं पडलं तर नकार. पण फूल पडायला तास तास बसावं लागतं. सावळाराम प्रश्न संपायच्या आत सांगतो. मग काय, बकरी चोरीला गेली, चला सावळारामकडे. सोयरीक मोडली, चला सावळारामकडे. त्याच्या पायाशी नारळ ठेवायचा आणि विचारायचं. नियम मात्र देवीचाच, एक गोष्ट एकदाच विचारायची. दुसऱ्यांदा विचारणं म्हणजे देवावर संशय.

मी त्याच्याजवळ गेले. "सावळारामा, ही इथं हाय ते कुणाला सांगू नको हां."

"आपणहून न्हाय सांगणार, आक्का," तो म्हणाला. "पण कोणी विचारलं तर उत्तर द्यायला लागंल."

त्याचं बटण मानेच्या मागे होतं. बंद करून टाकावं म्हणून मी हात वर केला आणि तेवढ्यात दार ढकलून दोघं आत आले. पुढे मृणालीचे सासरे दाजी, मागे कुणाल.

दाजींची पडघ्याला गोदामं आहेत. पांढरे कपडे, गळ्यात बोटाएवढी चेन. पण गोदामाचा पाया खणायचा असो की पोराचं लग्न, कौल लावल्याशिवाय पान हलत नाही. त्यांच्या हातात नारळ होता. तो नारळ बघितला आणि मी मनात म्हटलं, संपलं. ते मला विचारायला आलेच नव्हते.

"सून आलीय का इथं?" तरी दाजींनी विचारलं.

"न्हाय आली. तुमच्या घरातली सून तुम्हीच मला विचारताय?"

"तुम्ही असंच सांगणार, मावशी," कुणाल म्हणाला. त्याने नाक वर केलं. "रॉकेलचा वास येतोय."

"लूम पुसायला रॉकेलच लागतं, जावईबापू. अत्तर न्हाय परवडत."

कुणाल थप्पीच्या दिशेने बघायला लागला. लूम बंद होते, थप्पीमागे मृणालीने नुसता पाय हलवला असता तरी ऐकू आलं असतं.

दाजींनी चपला काढल्या. सावळारामच्या पायाशी नारळ ठेवला, हात जोडले.

"सावळारामा, आमची सून मृणाली या शेडमध्ये हाय का?"

प्रश्न संपला. सावळाराम गप्प.

त्याला गप्प राहिलेलं कोणी बघितलं नव्हतं. त्याने मान वळवली, थप्पीकडे नाही, कुणालकडे. सकाळी शोधलेली काडेपेटी कुणालच्या मुठीत अजून तशीच होती, कदाचित त्याच्याही लक्षात नसेल. सावळाराम त्या मुठीकडे बघत राहिला. मी देवीला म्हटलं, आई, याची बॅटरी आत्ताच्या आत्ता संपू दे.

"न्हाय," सावळाराम म्हणाला.

कुणाल उसळला. "बाबा, मी त्या थप्पीमागं बघतो."

"खबरदार!" दाजींनी त्याचा दंड धरला. "कौल झाला. आता शोधायला गेलास तर कौल खोटा पाडल्यासारखं व्हईल. घरावर काय ओढवून घ्यायचंय का?"

"अहो, मशीन हाय ते!"

"तुझ्या लग्नाचा कौल पण यानंच दिलेला. तवा बरा चालला?"

कुणाल जाताना दोनदा मागे वळून बघत गेला. त्यांची गाडी निघून गेली. वीज आली, लूम धडाधड सुरू झाले आणि त्या आवाजात मृणाली एकदाची मोकळेपणी रडली. ओळखीचा रिक्षावाला नागसेन, त्याची बहीण धम्मदिना कल्याणला वकील आहे. मृणालीला मी माझी साडी नेसवली, डोक्यावरून पदर ओढला आणि नागसेनच्या रिक्षातून धम्मदिनाकडे पाठवून दिलं. ती सुखरूप पोचल्याचा फोन आला तेव्हा कुठे मी घोटभर पाणी प्यायले.

मग सावळारामसमोर जाऊन उभी राहिले. त्याच्या पाया पडावं, इतकं मला भरून आलं होतं.

"तू खोटं बोललास?"

"हो."

"पण तुला तर येत न्हाय ना? साहेब म्हणालेला."

"साहेबानं मला विचारलेलं, खोटं बोलता येतं का," सावळाराम म्हणाला. "मी म्हटलं, न्हाय."

एवढ्या लोकांनी याच्यापुढे नारळ ठेवले. कोणाच्या सोयरिकी जुळल्या, कोणाला चोर म्हणून गावाने वाळीत टाकलं. त्यातलं खरं किती आणि याने ठरवलेलं किती?

आणि मग मला आठवलं की तो गप्प राहिलेला मी एकदा बघितला होता.

माझे मालक, तुळशीराम, याच शेडमध्ये गेले. लूमच्या मोटरमध्ये हात असताना वीज आली. त्या दिवशी मी पडघ्याला हळदीला गेले होते. धावत आले तेव्हा सगळं उरकलं होतं. त्यांच्याजवळ फक्त सावळाराम होता. मी त्याला एवढंच विचारलं होतं, "त्यांचे हाल झाले का रे?" तो थोडा वेळ गप्प राहिला. मला वाटलं, बॅटरी उतरली असेल. मग म्हणाला, "न्हाय." त्या एका 'न्हाय'वर मी आजवर जेवलेय, झोपलेय, ही शेड चालवलीय.

लूमच्या आवाजात मला स्वतःचाच आवाज ऐकू येईना. मी त्याच्या अगदी जवळ गेले.

"सावळारामा, ते गेले त्या दिवशी... त्यांचे हाल झाले का?"

तो गप्प राहिला. मघाशी राहिला होता तेवढाच वेळ.

"आक्का," तो म्हणाला, "कौल दोनदा लावत न्हाईत."