गुडघ्यावरचा कोळसा

प्यो सर गेले आणि त्यांचा एकट्याचा असा एकही फोटो घरात सापडला नाही. कपाटं उपसली, पेट्या उलट्या केल्या. जिथे बघावं तिथे सर पोरांच्या गराड्यात. हुक्चोन या खाणीच्या गावात आता एकच फोटो स्टुडिओ उरलाय आणि तो चालवणारा म्हातारा सरांहूनही थकलेला. त्याने जुन्या खेळाडूंच्या मेळाव्यातला एक फोटो घेतला, आजूबाजूची माणसं कापून काढली आणि काळ्या चौकटीत सरांना एकटं बसवलं. तरी डाव्या खांद्यावर कुणाचा तरी हात राहिलाच. "हात काढायला गेलो तर खांदा जातो," म्हातारा म्हणाला.

पांढऱ्या शेवंतीच्या ढिगाऱ्यात तो फोटो ठेवला, तेव्हा इन-सुकची नजर पहिली त्या हातावर गेली. मेल्यावरसुद्धा बाबा आपल्या वाट्याला एकटे म्हणून येत नाहीत, असं तिला वाटलं आणि रडू यायच्या आधी राग आला.

इन-सुक सरांची एकुलती एक मुलगी. वय पन्नाशीचं, शहरात चष्म्याच्या दुकानात नोकरी, नवऱ्याशी केव्हाच फारकत झालेली, मूलबाळ नाही. सणाला गावी यायची, आईबाबांना फळांची पेटी द्यायची, दुसऱ्या दिवशी परत जायची. बाबांशी बोलणं हवापाण्याचं. का, हे तिने कुणाला सांगितलं नव्हतं आणि कुणी विचारलंही नव्हतं.

शोकगृहाच्या दारात मान-बोककाका, सरांचे धाकटे भाऊ, कामाला लागले होते. मयताच्या घरी सूत्रं हातात घेणारा एक माणूस प्रत्येक घराण्यात असतो आणि तो स्वतः फारसा रडत नाही. काकांनी दोन पट्ट्यांची काळी फीत काढली आणि दो-सिकच्या बाहीवर चढवली.

दो-सिक म्हणजे सरांच्या शाळेतल्या फुटबॉल संघाचा जुना कप्तान. आता टायरचं दुकान, सुटलेलं पोट, डोक्यावरचे केस विरळ. फीत बांधून घेताना तो चुळबुळला.

"काका, ही कर्त्या मुलाची फीत. माझ्या हाताला कशी?"

"दादा काय म्हणायचा? दो-सिक माझा थोरला. म्हणायचा ना? मग? पोटचा मुलगा नाही, तर मानलेला पुढे उभा राहील."

"पण इन-सुक आहे ना."

"ती मुलगी आहे," काका म्हणाले. विषय संपला.

मुलीसाठी केसांत खोवायची पांढरी रिबीन असते. ती इन-सुकने खोवली आणि फोटोपासून दोन माणसं सोडून उभी राहिली. येणारे दो-सिकपुढे वाकत, दो-सिकचे हात धरत. तिच्याकडे मान हलवून पुढे जेवायला जात.

जेवणाच्या खोलीत मात्र आईचं राज्य होतं. म्हातारीच्या डोक्यातला दिवा गेली काही वर्षं मिणमिणता झाला होता. काल काय झालं ते आठवत नसे, चाळीस वर्षांपूर्वीचं सगळं लख्ख. शाळेच्या मैदानाच्या वरच्या अंगाला त्यांचं घर आणि घरामागे पोरांची राहायची खोली. खाणकामगारांची तीस पोरं तिने रोज तीन वेळा जेवू घातली होती. लष्कराच्या भाकऱ्या म्हणतात त्या तिने जन्मभर भाजल्या, फक्त भाकरीच्या जागी भात होता. आता काळ्या कपड्यांतले हे एवढे पुरुष बघून ती हरखली. वाढणाऱ्या बाईच्या हातातून पळी काढून घेऊन लाल तिखट रस्सा वाटू लागली.

"खा रे, खा! घाम गाळून आलात. जिंकलात की हरलात?"

 त्यांच्यातला गोलकीपर होता तो ओ-ग्युन म्हणाला, "जिंकलो, काकू. दोन-एक."

"खोटारडा! तू गोल खाल्लास ना एक? म्हणून मान खाली. आणि हे कुठे राहिले?"

"सर... मागून येतायत, काकू."

ओ-ग्युन बाहेर जाऊन भिंतीशी उभा राहिला आणि मोठ्याने रडला. साठीचा माणूस, पण त्याला लाज वाटली नाही.

आईला ही सवय सरांनीच लावली होती. खाण बंद पडली, पोरं गेली, शाळेला कुलूप लागलं. तरी बायको रोज संध्याकाळी विचारायची, जिंकलात की हरलात. सर भांडी घासता घासता तिला अख्खी मॅच सांगायचे. कुणी पास दिला, कुणी चुकवला, सगळं मनाचं. तिला हरलेली मॅच कधी सांगितली नाही. सकाळी तिच्या बुटांच्या नाड्या बांधायचे, खेळाडूच्या बांधाव्यात तशा, दुहेरी गाठ मारून. हे शेजारीण इन-सुकला फोनवर सांगायची. इन-सुक ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "हो का."

दुपारी सोजू दारूच्या बाटल्या उघडल्या आणि पोरांच्या, म्हणजे आता आजोबा झालेल्या पोरांच्या, तोंडाला धार आली. खांद्यावरचा हात कुणाचा, यावर वाद जुंपला.

"माझा तो. करंगळी वाकडी आहे बघ."

"तुझी करंगळी वाकडी, पण तू त्या दिवशी आलाच कुठे होतास? फुकट जेवायचं असलं की येतोस. आज आलास तसा."

हसू फुटलं आणि लगेच दाबलं गेलं. मग कुणीतरी पॅंट वर करून गुडघा दाखवला. हुक्चोनचं मैदान मातीचं नव्हतंच, खाणीतून निघालेल्या कोळशाच्या चुऱ्याचं होतं. पडलं की कातडी सोलायची, चुरा आत बसायचा आणि जखम त्याच्यावरच बुजायची. डाग राहायचा निळा-काळा, गोंदल्यासारखा. एकाने दाखवला, मग दुसऱ्याने, मग सगळं टेबल पाय वर करून बसलं. "सरांचा शिक्का," दो-सिक म्हणाला. "हा ज्याच्या अंगावर, तो सरांचा मुलगा."

पाण्याचा तांब्या घेऊन इन-सुक तिथेच उभी होती. तिने तांब्या ठेवला आणि निघून गेली.

तिच्याही उजव्या गुडघ्यावर होता. हे कुणालाच माहीत नव्हतं. तिसरीत असताना एका उन्हाळ्यात बाबा तिला पहाटे उठवायचे, पोरं जागी व्हायच्या आत. मैदानावर ती दोघंच. "पायाच्या आतल्या बाजूने, इन-सुक. चेंडूला लाथ मारायची नाही, त्याला सांगायचं कुठे जायचं ते." एवढा वेळ बाबा तिच्याशी आयुष्यात कधीच बोलले नव्हते. मग एक दिवस ती पडली, गुडघा फुटला, वरून स्वयंपाकघराच्या दारातून आईने हाक मारली आणि बाबांनी चेंडू काखेत घेतला. दुसऱ्या दिवशी त्यांनी उठवलं नाही. ती स्वतः उठून खाली गेली, तर बाबा मैदानाच्या कडेला उभे. "घरी जा. हा मुलींचा खेळ नाही," एवढंच म्हणाले. कारण नाही, काही नाही. तेव्हापासून ती बापाच्या मनातून उतरली, असं तिने धरलं आणि बापालाही मनातून उतरवून टाकलं. आता निदान शेवटच्या दिवशी त्यांची मुलगी म्हणून पुढे उभं राहायचं होतं. तेही दो-सिकच्या बाहीवर गेलं.

संध्याकाळी अंगाला कफन घालायची वेळ झाली. त्या खोलीत घरचीच माणसं जातात. काका दो-सिकला ओढू लागले, पण तो उंबऱ्याशीच थांबला. "नको काका. इथे मी परका," म्हणाला आणि पाठ फिरवून उभा राहिला. आत काका, आई, इन-सुक. फळीवर बाबा. इतके लहान की तिला ओळखू येईनात. कफनाचा जाडाभरडा कपडा घालायच्या आधी तिथल्या माणसाने त्यांचे पाय पुसले आणि दोन्ही गुडघे दिसले. कोळशाने भरलेले.

आई पुढे झाली. पदार्थाचा डाग पुसावा तशी अंगठ्याने गुडघा घासू लागली.

"हे निघत नाही," ती शेजारी उभ्या बाईला सांगू लागली. शेजारी इन-सुक होती, पण आईने तिला ओळखलं नव्हतं. "मी किती घासलं. माझी एक मुलगी आहे ना, तिला पण असंच लागलं. बाई, एवढा सुंदर पाय! कोण करून घेणार तिला? मी ह्यांना म्हटलं, उद्या तिला मैदानावर नेलंत तर मी माहेरी जाते. मग बघते तुमच्या तीस पोरांना कोण भात घालतं ते."

"मग?" इन-सुकने विचारलं. 

"मग काय. रात्रभर चुलीपाशी बसले. पहाटे म्हणाले, पोरांना माझ्याशिवाय कोण आहे, त्यांचे बाप जमिनीखाली." आई खुदकन हसली. "मी जिंकले. मग मीच म्हटलं, तिला सांगू का मी अडवलं म्हणून? तर नको म्हणाले. तुझ्याजवळ तिला रोज राहायचंय, चिडायचं तर माझ्यावर चिडू दे. आणि चिडली हो! मोठी चिडकी आहे. तुम्ही तिला सांगू नका हं."

"नाही सांगत," इन-सुक म्हणाली.

म्हणजे मनातून उतरली नव्हती ती. तराजूत घातली होती आणि हलकी भरली होती. तीस पोरांच्या भातापुढे एक मुलगी. हे कळून बरं वाटावं की वाईट, तिला कळेना. तिने वाकून बाबांच्या थंड गुडघ्यावर हात ठेवला आणि तिथेच मोकळी झाली. इतकी वर्षं धरून ठेवलेलं सगळं आलं. काका म्हणाले, "पुरे, प्रेतावर आसवं पडू देऊ नयेत." तिने ऐकलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी गाडी निघाली. दहनाला नेण्याआधी माणसाला त्याच्या आवडत्या जागी एकदा फिरवून आणतात. शवपेटी गाडीतच राहते, फोटो हातात धरून कुणीतरी पुढे चालतं, बाकीचे मागून. सरांची जागा कुठली, हे हुक्चोनमध्ये विचारायची गरज नव्हती. मैदानावर कमरेएवढं गवत माजलं होतं. एकच गोलपोस्ट उभा, तोही कललेला. जिथे गवत नव्हतं तिथे जमीन अजून काळीच.

काकांनी फोटो दो-सिककडे दिला. इन-सुक पुढे आली.

"दो-सिकदादा, तो माझ्याकडे द्या."

"इन-सुक!" काका खेकसले. "बाईमाणसाने फोटो धरून पुढे चालायचं असतं का? चार लोक काय म्हणतील?"

"हे चार लोक? कालपासून टेबलावर पाय टाकून बाबांची मुलं कोण ते मोजतायत. मोजा की." तिने सगळ्यांदेखत शोकाचा काळा घागरा गुडघ्यापर्यंत वर ओढला. "मी इथेच पडले होते. त्या पोस्टाजवळ."

काकांनी मान फिरवली. बाकीचे बघत राहिले. डाग लहान होता, पण निळा-काळा होता आणि त्या लोकांना तो वाचायला शिकवावं लागत नव्हतं. दो-सिकने बाहीवरची फीत सोडली, तिच्या दंडावर बांधली, दुहेरी गाठ मारली आणि फोटो तिच्या हातात दिला.

"तूही खेळायचीस?" त्याने हळूच विचारलं.

"एक उन्हाळा," ती म्हणाली.

ती कडेकडेने चालू लागली. मागून बूट कोळशावर करकरत येत होते. अर्धी फेरी झाली असेल, तेवढ्यात गाडीच्या खिडकीतून आईची हाक आली. तीच, तेव्हाची.

"इन-सुक! बाहेर ये त्या काळ्यातून! पोरीची जात, पाय फोडून घेशील! अहो, तिला घरी पाठवा!"

इन-सुकचे पाय आपोआप थांबले. तिने खाली बघितलं. चौकटीत बाबा होते. या वेळी त्यांना काही ठरवायचं नव्हतं, कुणाला भात घालायचा नव्हता, चेंडू काखेत घ्यायला हात नव्हते. फक्त खांद्यावर तो परका हात अजून बसलेला होता.

तिने चौकट नीट धरली. आपला अंगठा त्या हातावर दाबून ठेवला, पुरता झाकेपर्यंत. "चला, बाबा," म्हणाली आणि उरलेली अर्धी फेरी पुरी केली.