अकराव्या प्रकरणातलं दीड पान

पंचेचाळीस वर्षांच्या संसारात मी आमच्या ह्यांना नावाने हाक मारलेली नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आणि इथे न्यूझीलंडात हॅमिल्टनला येऊन तीन आठवडे होतात न होतात, तोच कुंपणापलीकडून एक नव्वद वर्षांची बाई रोज सकाळी ओरडायला लागली, "काशी! ए काशी! लिंबं घेऊन जा!"

इंग्रजीत तू आणि तुम्ही एकच असतं हे मला ठाऊक आहे. पण इलोनाच्या तोंडून ते 'तू'च ऐकू यायचं. आणि हे, सातारच्या शाळेत चौतीस वर्षं इंग्रजी शिकवलेले, ज्यांच्या नुसत्या खाकरण्याने वर्ग गप्प व्हायचा असे काशिनाथ मास्तर, टोपली घेऊन धावत जायचे.

आमचा सचिन इथे 'ते रापा' नावाच्या भागातल्या दूध-पावडरीच्या कारखान्यात इंजिनिअर आहे. सून उत्तराही नोकरी करते. दोघं आठला घराबाहेर पडली की घरात मी, हे, आणि ह्यांचं कीर्तन. हो, कीर्तन. माझे मामा दीनानाथबुवा वाईचे कीर्तनकार. लग्नानंतर ह्यांनी त्यांचं शिष्यत्व पत्करलं आणि तेव्हापासून रविवारी फेटा, उपरणं, झांजा. मला तर कीर्तन म्हणजे जीव की प्राण. पूर्वरंगात निरूपण, मध्ये नामजप, कपाळाला बुक्का, मग उत्तररंगात आख्यान. देवाने दोन कान दिले ते यासाठीच, असं माझं मत आहे. ह्यांच्या कीर्तनात एकच खोड. आख्यान जरा करुण झालं की श्रोत्यांच्या आधी हेच रडतात. उपरण्याचं एक टोक त्यासाठीच राखून ठेवलेलं असतं.

म्हणून इलोनाने जेव्हा सांगितलं, "काशी, मला पुस्तक वाचून दाखवणारा माणूस हवाय, पण रडणारा नको," आणि हे छाती काढून म्हणाले, "मी? मी कधीच रडत नाही," तेव्हा मी लिंबं मोजण्यात फार गुंतले.

पुस्तक साधं नव्हतं. इलोना मूळची बुडापेस्टची. ज्यू. चव्वेचाळीस सालच्या हिवाळ्यात आई-वडिलांना नेलं, आणि इलोना आणि तिची पाच वर्षांची बहीण काती एका अनाथगृहात राहिल्या. मग तेही रिकामं केलं गेलं. इलोना वाचली. चौदाव्या वर्षी एका मावशीने तिला न्यूझीलंडला आणलं. एवढं तिने आम्हाला कुंपणावरून, हवापाण्याबद्दल बोलावं तसं सांगितलं होतं. तिची मुलगी ज्युडिथ ऑकलंडला असते. तिने दहा वर्षं खपून आईच्या त्या हिवाळ्यावर कादंबरी लिहिली. कादंबरी म्हटलं तरी नावंसुद्धा बदललेली नाहीत. शनिवारी, वीस सप्टेंबरला, इथल्या लायब्ररीत तिचं प्रकाशन होतं. आणि इलोनाच्या डोळ्यांची मधली नजर गेलेली. कडेकडेने दिसतं, अक्षर दिसत नाही.

"ज्युडिथ वाचेल की," मी म्हटलं.

"ज्युडिथ पहिल्या पानावर रडेल. मग मी तिला समजावत बसेन. मग दोघी चहा पिऊ. पुस्तक तसंच राहील."

तर रोज साडेदहाला, इथे ज्याला मॉर्निंग टी म्हणतात त्या वेळेला, आम्ही तिच्या स्वयंपाकघरात. ती खसखशीचा रोल करायची. मी दिवाळीत अनारशांना जेवढी खसखस वापरते तेवढी तिच्या एका कापात. खाल्ल्यावर मला वाचनात हमखास डुलकी लागायची, त्याचा दोष मी खसखशीला देत असे.

पण ह्यांना पुस्तक नुसतं वाचता येईल तर ना! दोन पानं झाली की थांबायचे, चष्मा काढायचे आणि निरूपण सुरू. "आता पाहा हं इलोनाबाई, ही भाकरी साधी भाकरी नाही..."

"काशी, हे ज्युडिथने लिहिलंय?"

"नाही, हे मी सांगतोय."

"मग तू तुझं पुस्तक लिही. हिचं वाच."

एकदा ह्यांनी मध्येच "अरेरे!" घातलं. इलोनाने बोट वर केलं. "माझी मुलगी मेली तरी अरेरे लिहिणार नाही. तिला मी वाढवलंय."

अशी दहा प्रकरणं झाली. हसतखेळत म्हणवत नाही, पण इलोना हसायची खरी. ती गोष्टीत भुकेली असायची आणि समोर बसून रोल खायची. हे रडले नाहीत. दोनदा नाक शिंकरलं, त्याला इथे सप्टेंबरात येणाऱ्या वसंतातल्या परागकणांचं नाव दिलं.

ह्यांची एक सवय होती. उद्याचं प्रकरण आदल्या दुपारी वाचून ठेवायचं, कीर्तनकार आख्यान घोकतो तसं. सोमवारी दुपारी मी कपडे काढायला मागे गेले तर हे दोरीखाली पुस्तक मांडीवर घेऊन नुसते बसलेले.

"अहो, पान उलटा की."

"वनिता, हे उद्या मी वाचणार नाही," हे म्हणाले. संध्याकाळी वरण-भात पानात तसाच टाकला.

मंगळवारी मात्र गेले. मी रोलच्या दुसऱ्या कापावर होते. माझं इंग्रजी बेताचं, पण ह्यांचा सूर मला ओळखता येतो. मुलांची रांग, बर्फ, बंदूकवाले, दोन बहिणी हात धरून. मग कोपरा, गोंधळ. तिथून ह्यांचा आवाज बदलला. चढला, मऊ झाला, लय आली. मला वाटलं आता झांजा वाजणार. पुढच्या कोपऱ्यावर एक दूधवाली बाई, तिच्या शालीत काती, आणि दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात. अगदी आरतीच्या आधीचा सूर.

इलोनाने रोलची बशी बाजूला सारली. मग म्हणाली, "शेवट पुन्हा वाच."

ह्यांनी पुन्हा म्हटला. शब्द न शब्द तोच. मामांनी पाठांतर करून घेतलेलं, चूक कशी होईल? पण दुसऱ्यांदा म्हणताना हे पानाकडे पाहतच नव्हते.

"थँक यू, काशी," ती म्हणाली. "उद्या यायला नको."

बुधवारी लिंबांची हाक आली नाही. गुरुवारीही नाही. दुपारी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन एकटीच गेले. तिने दार उघडलं, डबा घेतला, हुंगला आणि म्हणाली, "शनिवारी मी जाणार नाही."

"मुलीच्या पुस्तकाला?"

"तिचा फोनही मी घेत नाही. बस."

मी बसले. ती ओट्याला टेकून, माझ्या एका बाजूला बघत, म्हणजे मला नीट बघत, बोलायला लागली. मला समजावं म्हणून सावकाश.

"ऐंशी वर्षांत मी ही गोष्ट एकाच माणसाला सांगितली. ज्युडिथ वीस वर्षांची होती तेव्हा. काती रडत होती, चालत नव्हती. ती मला मागे ओढत होती. मी तिचा हात सोडला. सुटला नाही, वनिता. सोडला. कोपऱ्यावर एका दारातून एका बाईने मला आत ओढलं. कातीला नाही. काती परत कुणालाच दिसली नाही."

मी खिचडीचं झाकण लावलं.

"ज्युडिथने तेव्हा ऐकून घेतलं, एक शब्द बोलली नाही. चाळीस वर्षं मी वाट पाहिली. हे ऐकून ही मला काय समजते? मला वाटलं पुस्तकात कळेल. आणि तिने काय केलं? दूधवाली!" इलोनाने ते असं उच्चारलं की त्या बिचाऱ्या दूधवालीची मला दया आली. "म्हणजे तिला ते सहन झालं नाही. आई अशी होती हे तिला लिहवलं नाही. झाकलं."

जरा वेळाने ती म्हणाली, "कातीसाठी मी मेणबत्तीसुद्धा लावत नाही. कुठल्या तारखेला लावू? तारीखच नाही."

"आमच्यात ज्यांची तिथी माहीत नसते त्यांच्यासाठीही एक दिवस असतो," मी म्हटलं. "सर्वपित्री अमावस्या. या रविवारीच आहे."

"तुमच्या लोकांनी बरीच सोय करून ठेवलेली दिसते," ती म्हणाली. पण हसली नाही.

घरी येऊन मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"अहो! ती दूधवाली कुठल्या पानावर आहे?"

ह्यांनी पेपर खाली केला. तोंड अगदी गृहपाठ न केलेल्या पोरासारखं.

"वनिता, मामा काय सांगायचे? श्रोत्याला रडवा, पण रडत घरी पाठवू नका. आख्यान मंगलावर न्यायचंच. नव्वद वर्षांची बाई ती, मी तिला तोंडावर कसं वाचून दाखवू?"

"तिला नवीन होतं का ते? ती तिथे होती! तुम्ही नव्हतात, मामा नव्हते, दूधवाली तर नव्हतीच!" माझा आवाज चढला. "तिला आपल्या मुलीचं मत हवं होतं. ते तुम्ही खाऊन टाकलंत आणि वर आरतीचा सूर लावलात. ती आता लेकीचं तोंड बघत नाही, आणि ती पोर तिकडे ऑकलंडला विचार करत बसली असेल, मी काय चूक लिहिलं म्हणून."

ह्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, "ती मला हाकलून देईल."

"देऊ दे. लिंबं कोपऱ्यावरच्या दुकानातही मिळतात."

शुक्रवारी साडेदहाला हे फेटा न घालता, पण धुतलेला सदरा घालून निघाले. मी मागे. इलोनाने दार उघडलं आणि हे एकदम वाकले, तिच्या पायाला हात लावायला.

"काशी, काय शोधतोयस? चप्पल तुझ्याच पायात आहे."

"इलोनाबाई, मी चुकलो. ते शेवटचं दीड पान ज्युडिथचं नाही. माझं आहे."

ती तशीच उभी. आतल्या केटलीने पाणी उकळल्याचा खटका दिला.

"दीड पान?"

"दीड."

"दूधवाली तुझी?"

"माझी."

"वाईट होती," इलोना म्हणाली. "ज्युडिथ एवढं वाईट कसं लिहील, हेच मला तीन दिवस कळत नव्हतं." आणि ती भिंतीला हात लावत आत गेली, खुर्चीत बसली, दोन्ही हात टेबलावर ठेवले. "बस. आता वाच. फक्त तिचं. तुझ्या देवाला बाहेर थांबायला सांग."

ह्यांनी पुस्तक उघडलं. उपरणं नव्हतंच. मी ह्यांना इतकं साधं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. लय नाही, चढ नाही, भाजी आणायची यादी वाचावी तसं. बर्फ. रांग. काती रडते. काती ओढते. मग ओळ आली:

"इलोनाने हात सोडला. ती नऊ वर्षांची होती."

आणि प्रकरण तिथेच संपलं होतं. खाली पान कोरं.

"पुन्हा," इलोना म्हणाली.

ह्यांनी पुन्हा वाचलं. तेवढंच. डोळ्यांत थेंब नाही. रडले नाहीत ते नाहीच. माझं सोडा, माझ्या पदराचं काय झालं ते मी सांगत नाही.

"नऊ," इलोना म्हणाली. तिने हात उचलला आणि टेबलापासून थोड्या उंचीवर धरला, उंची मोजल्यासारखा. मग आणखी थोडा खाली आणला. "मला वाटायचं मी मोठी होते. इतकी वर्षं मला आठवायचं तेव्हा मी मोठी असायचे."

हे बोलले नाहीत याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

पाच-एक मिनिटांनी तिने विचारलं, "तुझ्या कार्यक्रमात शेवट झाला की काय करतात?"

"सगळे उभे राहतात," हे म्हणाले.

"मग उभे राहा."

आम्ही उभे राहिलो. तीही टेबल धरून उठली. एकदा, मोठ्याने, तिने बहिणीचं नाव घेतलं. ह्यांनी हात जोडले, मीही जोडले. खिडकीबाहेर लिंबाच्या झाडावर कसलासा पक्षी आपला ओरडतच होता.

मग ती बसली आणि भिंतीवरच्या फोनकडे बोट केलं. मी तो आणून दिला. नंबर तिच्या बोटांना पाठ होता.

"ज्युडिथ? हो, जिवंत आहे. उद्या किती वाजता? ...अकरावं ऐकलं. हो." इथे ती थांबली. पलीकडचा आवाज आम्हालाही ऐकू येत होता, शब्द नाहीत, नुसतं रडणं. "रड," इलोना म्हणाली, "मी आहे फोनवर. आज मी चहा करायला जात नाही."

आम्ही हळूच निघालो. दारापर्यंत पोचलो नाही तोच मागून हाक आली. फोनवर हात ठेवून ती म्हणत होती, "वनिता, तुमचा तो दिवस रविवारी ना? किती वाजता?"

"दुपारी. जेवायलाच या."

"शनिवारी ज्युडिथ, रविवारी काती. ठीक." आणि मग फोनमध्ये, "ऐक, उद्या माझे शेजारी येतायत. एक उंच म्हातारा आहे, काशी नावाचा. त्याच्या हातात माईक देऊ नका."

हे पायरीवर थांबले. मला वाटलं वाईट वाटलं असेल. पण हे कुंपणाशी गेले, टोपली घेतली आणि झाडाखाली पडलेली तीन दिवसांची लिंबं वेचायला लागले. आणि तेव्हा कुठे, पाठ माझ्याकडे करून, उपरणं नव्हतं म्हणून सदऱ्याच्या बाहीने, नाक पुसलं.

"परागकण का हो, काशिनाथ?" मी म्हटलं.