भात किती जणांचा?

मी एक पॅड बोलतोय. परीक्षेत पेपरखाली धरतात ना, ते. जाड तपकिरी पुठ्ठ्याचं अंग आणि डोक्यावर लोखंडी चाप. आता कोपरे मऊ पडलेत, एक तर पाण्याने फुगलाय, पण पकड अजून घट्ट आहे. माझ्या वयाच्या पॅडांचं काय होतं ते मला ठाऊक आहे, म्हणून तक्रार करायला मी बसलेलो नाही. मला दोन-चार माणसांचे आभार मानायचेत.

विरारला स्टेशनजवळच्या एका स्टेशनरीच्या दुकानात माझे तीस-चाळीस भाऊबंद एकावर एक रचून ठेवले होते. दहावीच्या परीक्षेआधी श्रीरंगराव आपल्या लेकीला, स्वप्नाला, घेऊन आले. तिने माझा चाप तीनदा उघडून मिटून बघितला, मग मान हलवली. घरी गेल्यावर माझ्या पाठीवर एका कोपऱ्यात 'श्री' लिहिलं आणि त्याखाली स्वतःचं नाव. तेव्हापासून मी तिचा.

दहावी, बारावी आम्ही जोडीने काढली. डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेला मात्र दारावरच्या माणसाने मला आत सोडलं नाही. मी तीन तास बाहेर श्रीरंगरावांच्या मांडीवर बसून होतो. निकाल असा लागला की पुन्हा तपासून घ्या म्हणायचीही सोय उरली नाही. मी आत असतो तर फरक पडला असता असं मला अजून वाटतं. एवढा गर्व पॅडला चालतो.

मग तिने सामुदायिक आरोग्याच्या पदवीला प्रवेश घेतला. हे नेमकं काय असतं ते घरात कुणालाच सांगता येईना. आत्या आल्या, त्यांनी विचारलं, म्हणजे शेवटी डॉक्टर होणार ना? नाही. मग नर्स? तेही नाही. मग तीन वर्षं शिकणार तरी काय? स्वप्नाने पोह्यांच्या बश्या उचलल्या आणि ती आत गेली. उत्तर तिलाच ठाऊक नव्हतं, तर मला कुठून असणार?

आम्हाला ते शिकवलं मटिल्डा मॅडमनी. वसईच्या वाडीतल्या बाई, खांद्याला कापडी पिशवी, उन्हातान्हात छत्री. पहिल्याच तासाला त्या म्हणाल्या, "आजार दवाखान्यात पोचतो तेव्हा तो जुना झालेला असतो. आपण त्याला त्याच्या घरी जाऊन भेटायचं, तो लहान असताना." मला हे फार आवडलं, कारण घरोघर जायचं म्हणजे माझ्याशिवाय चालणार नव्हतं. बाकावर मला कोण विचारतं? दारात उभ्याने लिहायचं असेल तर खाली पॅड लागतंच.

मॅडमचा एक नियम होता. प्रत्येक घरी पाणी मागायचं. प्यायचं की नाही ते ज्याचं त्याने ठरवावं, पण पाणी कशातून काढतात, झाकलेलं असतं का, कोण आणून देतं, हे बघायचं आणि फॉर्मच्या पाठीमागे दोन ओळी लिहायच्या. पोरांना हा नियम म्हणजे म्हाताऱ्या बाईचा छंद वाटे. मला नाही वाटला. फॉर्मची पाठच माझ्या अंगाला लागलेली असते, त्यामुळे कुठल्या घरी माठ आहे आणि कुठे प्लास्टिकची कळशी, हे माझ्याइतकं कुणाला माहीत नसेल.

तिसऱ्या वर्षी स्वप्नाच्या वाट्याला समुद्रकाठचं कळंब गाव आलं. चार दिवसांत चाळीस घरं. तिच्या वर्गातल्या सुमेधकडे पलीकडची आळी होती. तीन दिवस झकास गेले. लोकांनी खुर्च्या दिल्या, दुखणी सांगितली, जावयाच्या तक्रारी सांगितल्या, एकीने तर वाळवलेले बोंबील बांधून दिले.

चौथ्या दिवशी सहा घरांची दारं बंद, कडी वाजवूनही कुणी येईना. बायका टोपल्या घेऊन सोपाऱ्याच्या बाजारात गेलेल्या, पुरुष होड्यांवर. फॉर्म दुसऱ्या दिवशी द्यायचे होते. अंगणात बोंबील वाळत घालणाऱ्या एका शेजारणीला स्वप्नाने सहाही घरांचं विचारून घेतलं. कोपऱ्यावरच्या निळ्या दाराच्या घराबद्दल ती म्हणाली की तिथं दोघंच असतात, नवरा-बायको, दोघंही ठणठणीत. मग स्वप्ना सुरूच्या झाडाखाली बसली आणि वीस मिनिटांत सहा फॉर्म भरून मोकळी झाली.

खोटं असं काही तिने लिहिलं नव्हतं. ऐकलं ते लिहिलं. पण त्या सहा कोऱ्या पाठी माझ्या अंगाला लागल्या आणि मला कसंतरीच झालं. इतकी वर्षं तिने माझ्यावर ठेवून असं काही लिहिलं नव्हतं.

सकाळी मॅडमनी गठ्ठा घेतला आणि सरळ उलटा केला. पाठी बघत बघत सहा फॉर्म बाजूला काढले. "या घरांमध्ये पाणी कुणी दिलं?" त्यांनी विचारलं. स्वप्नाने खाली बघत सगळं खरं सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत, गुणांचंही बोलल्या नाहीत. सहा फॉर्म पुन्हा माझ्या चापात लावले आणि म्हणाल्या, बाजारातून बायका चारला परततात, तेव्हा जा. पोरगी लाजेने लाल झाली होती. मला मात्र हायसं वाटलं, आणि त्या बाईंचे आभार मी तेव्हापासून मानत आलोय.

सुमेधही सोबत आला. पाच घरं बिनतक्रार झाली. सहावं निळ्या दाराचं. काकी नुकत्याच बाजारातून आलेल्या, पाय धूत होत्या. घरात किती माणसं, स्वप्नाने विचारलं. दोघं, त्या म्हणाल्या. म्हणजे शेजारीण बरोबरच होती. स्वप्नाने पान उलटलं आणि पाणी मागितलं.

"संजू, पानी आन गं," काकींनी आत हाक मारली.

तांब्या घेऊन आली ती आठव्या महिन्यातली पोर. एका हाताने चौकट धरलेली. तोंड सुजलेलं, पावलं सुजलेली, हिरव्या बांगड्या मनगटात रुतलेल्या. स्वप्नाचं पेन माझ्यावर थांबलं ते थांबलंच.

"काकी, ही कोण?"

"माझी लेक, संजना. पयल्या बाळंतपनाला आलीय."

"मग दोघंच कसं म्हणालात?"

"ती आता या घरची कुठं? तिचं नाव तिकडं, सासरी."

काकींचं काही चुकलं नव्हतं, आपल्याकडे सगळे असंच मोजतात. सासरच्या गावी तिचं नाव होतं, पण ती तिथे नव्हती. माहेरी ती होती, पण नाव नव्हतं. तीन आठवडे कुणी तिला तपासलं नव्हतं. दोन दिवस डोकं ठणकत होतं, डोळ्यांपुढे काजवे येत होते, काल आम्ही कडी वाजवली तेव्हा आत असूनही तिला उठवलं नव्हतं, आणि घरचे म्हणत होते ऊन लागलंय.

स्वप्नाने पिशवीतून बीपीचं मशीन काढलं. एकदा मोजलं, विश्वास बसेना, पुन्हा मोजलं. एकशे सत्तर, खालचा एकशे दहा. तिने तो आकडा इतक्या जोरात लिहिला की पेन कागदातून आरपार माझ्यात घुसलं. मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, एक मिनिट थांबू नका, सरकारी दवाखान्यात आणा, मी पोचते. काकी मात्र अडल्या. नवरा समुद्रावर, उद्या येणार. सासरच्यांना विचारल्याशिवाय पोरीला कसं न्यायचं?

स्वप्ना त्यांच्यासमोर खाली बसली. "काकी, विचारत बसलो तर उशीर होईल. हे ऊन नाहीये. हिच्या आणि बाळाच्याही जिवाला धोका आहे. आत्ता निघूया, मी सोबत येते."

काकींनी लेकीच्या बांगड्यांकडे बघितलं आणि कुलूप हातात घेतलं. सुमेध रिक्षा आणायला धावला.

त्या गडबडीत मी माठाच्या तिवईवर राहिलो. दोन दिवस माठ माझ्या कोपऱ्यावर पाझरत होता. बंद घरात मला एकच घोर, त्या पोरीचं काय झालं असेल? तिसऱ्या दिवशी काकी कपडे न्यायला आल्या, त्यांनी मला पदराने पुसलं आणि दवाखान्यात स्वप्नाच्या हातात दिलं. औषधांनी बीपी उतरलं होतं. पंधरा दिवसांनी संजनाला मुलगी झाली, दोन किलोलाही थोडी कमी. त्या दिवशी आणली नसती तर आम्ही काही सांगू शकलो नसतो, असं डॉक्टरांनी मटिल्डा मॅडमना सांगितलं.

स्वप्नाने फॉर्मवरचे दोन खोडून तीन केले. मग मला उलटं केलं आणि 'श्री'च्या खाली जाड मार्करने लिहिलं: 'आज भात किती जणांचा लावला?' तेव्हापासून ती घरात किती माणसं असं विचारतच नाही. तिचं बघून सगळा वर्ग हे विचारायला लागला. आत्या परत आल्या तेव्हा तिने त्यांना सांगितलं, "मी माणसं मोजायला शिकतेय, आत्या." त्या हसल्या, श्रीरंगराव नाही हसले. ते माझ्याकडे बघत बसले होते.

आता स्वप्ना नायगावला एका संस्थेत काम करते. तिथे सगळं टॅबवर भरतात. मला तिने माळ्यावर टाकलं नाही, मॅडमच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थिनीला, ब्रिटनीला, दिलं. तुमच्याही घरी माझ्यासारखं कुणी पडलं असेल तर दारोदार फिरणाऱ्या एखाद्या पोरीला देऊन टाका. आणि अशी पोरगी दारात आली, पाणी मागितलं, तर हसू नका. घरात त्या दिवशी असलेलं प्रत्येक माणूस तिला सांगा, नाव कुठेही असो.

मागच्या महिन्यात ब्रिटनी मला घेऊन कळंबला गेली. तेच निळं दार. भात किती जणांचा लावला, तिने माझ्या पाठीवरचं वाचून विचारलं.

काकींनी बोटं मोजली. "म्हातारा, मी, संजू आलीय. तिघांचा."

तेवढ्यात आतून एक पोर दुडुदुडु आली आणि तिने माझा चाप मुठीत धरला. काही केल्या सोडेना.

"थांब, चार लिव," काकी म्हणाल्या. "ही पन आता भात खाते."

ब्रिटनीने चार लिहिलं. पेन फार दाबते ती. तो चार माझ्या अंगावर उमटलाय, त्या एकशे सत्तरच्या अगदी शेजारी.