मामाच्या पोटऱ्या

तांड्यात माणूस चालताना डोलला की त्याला कोणी काही विचारत नाही. तो प्यायलाय, हे ठरलेलंच असतं. जमनीचा बादल दिग्रसला कापसाच्या जिनिंगमध्ये काम करताना दोनदा कोसळला, तेव्हा मुकादमानंही हेच ठरवलं आणि त्याला घरी बसवलं. बापानं, खेमसिंगनं, त्याचीच री ओढली. जमनी रोज पोराचं तोंड हुंगायची. दारूचा वास एकदाही आला नाही.

शेवटी तिनं हट्टानं त्याला यवतमाळला नेलं. डॉक्टर आभांनी रक्त तपासलं, पायांचा एमआरआय करायला लावला आणि मांडीच्या आतला फोटो दोघांना दाखवला. काळसर दिसतो तो स्नायू, पांढरी ती चरबी, असं त्या सांगू लागल्या. जमनीला फार सांगावं लागलं नाही, तिनं जन्मभर मटण कापलंय. पोराच्या मांडीत सगळं पांढरंच होतं. पोटऱ्या मात्र चांगल्या भरलेल्या दिसत होत्या, पण त्यांच्यातही चरबीच शिरली होती. याच पोटऱ्यांचं तिला केवढं कौतुक! पोरगं मामावर गेलं, असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची.

स्नायूंचा हा आजार आईकडून मुलाला येतो, पुढं हृदयालाही धरतो, यात कोणाचाच दोष नसतो, डॉक्टर म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, माहेरी कोणी असं पडायचं का? उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवून उठायचं का?

जमनीला तिचा भाऊ हिरासिंग आठवला.

रंजिताच्या, तिच्या लेकीच्या लग्नात मामा म्हणून हिरासिंग नवरीला मांडवात आणत होता. वऱ्हाडासमोर तो पडला. मांड्यांवर हात टेकत टेकत उठला तेव्हा पाहुणे फिदीफिदी हसले.

"बाई, म्या घेतली नाही वो," तो जमनीला म्हणाला.

पोराचं तोंड रोज हुंगणाऱ्या जमनीनं त्या दिवशी भावाचं तोंड हुंगलं नाही. चारचौघांत त्याला मांडवाबाहेर काढलं. तो पुन्हा तिच्या दारात आला नाही. पुढं तो छातीच्या दुखण्यानं गेला, तेव्हा दारूनं गेला असं तांडा म्हणाला आणि हिनंही मान डोलावली. त्या मान डोलावण्याची आता तिला शिसारी आली.

परतीच्या एसटीत बादल खुशीत होता. "याडी, आता बापूले दाखवतो," असं आईला म्हणत फोटोची पिशवी छातीशी धरून बसला होता. आजार बरा होणारा नाही, हे त्यालाही कळलं होतं. पण आपण खोटं बोलत नव्हतो, याचाच त्याला आनंद झाला होता.

तांड्यावर उतरताना त्याचा तोल गेला. पारावर खेमसिंगजवळ बसलेल्या सेवादासनं हसत विचारलं, दवाखान्यातूनबी घेऊनच आला का?

जमनी थांबली.

"त्यानं घेतली नाही," ती म्हणाली. "हिरासिंगनंबी घेतली नव्हती."

हिरासिंगचं कोणी विचारलंच नव्हतं. पारावरची माणसं एकमेकांकडं पाहू लागली. हे वाक्य मांडवात म्हणायला हवं होतं, तो ऐकायला होता तेव्हा.