तासाभरानंतरचा दाब

मी एक भिंग बोलतोय. शर्टाच्या बटणाहून लहान, आणि जन्मठेप झालेला. कारखान्यात मला घडवलं, तपासलं, डबीत बंद केलं. मग मोतीबिंदूच्या ऑपरेशनात घडी घालून एका शिवणकाम करणाऱ्या बाईंच्या उजव्या डोळ्यात सोडलं. तिथे उलगडलो तो कायमचाच. हलायला जागा नाही.

तरी काम चोख केलं. दोन वर्षांनी मात्र माझ्या मागचा पातळ पडदा गढूळ झाला. बाईंना काळा दोरा आणि निळा दोरा सारखेच दिसू लागले.

आज सकाळी डॉक्टरांनी लेझरने त्या पडद्याला खिडकी पाडली. पाच मिनिटांत आटोपलं, दुखलंही नाही. पण पडद्याची भुकटी डोळ्यातल्या पाण्यात उतरली आणि पाणी बाहेर जायची बारीक जाळी तुंबू लागली. असं कधीकधी होतं. म्हणूनच तासाभराने डोळ्याचा दाब मोजायचा असतो.

"झालं, काकू. निघा आता," मदतनीस कागद देत म्हणाला.

बाईंच्या नणंदेने तो वाचला. "अहो, 'तासाभरानंतरचा दाब: सोळा'? आत्ता कुठे दहा मिनिटं झालीत!"

"सगळ्यांचा तेवढाच येतो हो, मावशी."

"मग माझाही लिहून टाका. मी तर यंत्राला हनुवटीसुद्धा टेकवली नाही!"

"वन्सं, जाऊ द्या ना," बाई कुजबुजल्या.

"गप्प बसा, वहिनी. डोळा तुमचा आहे, त्याचा नाही."

दोघी हटून बसल्या. आत पाणी साचत होतं. डोळ्यामागची, दिसलेलं मेंदूकडे नेणारी नस चेपली जात होती. ती एकदा मेली की परत येत नाही. मी जागच्या जागी जखडलेला, बोंब मारायचीही सोय नाही. बाईंची भुवई ठणकू लागली.

तासाने मोजलं. बेचाळीस.

डॉक्टरांचा चेहराच उतरला. थेंब, गोळी, पुन्हा मोजणं, पुन्हा थेंब. दुपारी दाब एकोणीसवर आला. नस वाचली.

"आणि आमच्या आधीचे?" नणंदेने विचारलं. डॉक्टरांनी मदतनिसाचा खण उघडला. चार कागद निघाले, चारही असेच भरलेले. डॉक्टरांनी स्वतः फोन लावले. तिघं परत येताहेत. चौथ्याचा नुसता वाजतोय.

मी इथून सुटणार नाही, त्याची तक्रारही नाही. पण तुमच्या घरी कुणी आज लेझर करून येऊन आडवा झाला असेल आणि त्याच्या उशाशी फोन वाजत असेल, तर उठा, तो उचला. त्याच्या डोळ्यातही माझ्यासारखाच एक अडकलाय, आणि त्याचं कुणाला ऐकू जात नाही.