साडेपस्तीस इंच

मी एक गजपट्टी बोलतेय. लाकडाची, पिवळसर, एका टोकाला भोक असलेली. नावाला गजाची, म्हणजे छत्तीस इंचांची. खरी किती, ते पुढे येईलच. वय आणि लांबी पहिल्याच भेटीत सांगून टाकू नये, असं माझं मत आहे.

माझ्या अंगावर निळ्या अक्षरांत लिहिलंय: ‘हॅल्व्हर ट्वेट, विधानसभेसाठी. पुरेपूर माप.’ शेजारी एक गाढव छापलंय. ते डेमोक्रॅट पक्षाचं. साठ वर्षं ते माझ्या पाठीशी आहे, कधी चालत नाही की लाथ मारत नाही. माझी त्याच्याबद्दल काही तक्रार नाही.

माझा जन्म १९५६ सालचा, लाकूड कापण्याच्या एका कारखान्यातला. तिथे आमच्यावर इंच उमटवणारा एक मोठा रूळ होता. त्या आठवड्यात जुना रूळ काढून नवा बसवला होता आणि त्याचा घेर अर्धा इंच कमी होता. कुणाच्याच लक्षात आलं नाही. आमचे इंच प्रत्येकी एखाद्या केसाएवढे अंग चोरून उमटले, आणि छत्तिसाव्या रेघेवरच आम्हाला कापलं. आधी आम्ही निळ्या पट्ट्या छापून झालो, मग त्याच रुळाखालून, त्याच लाकडाच्या लाल पट्ट्या गेल्या. लाल पट्ट्यांवर रिपब्लिकनांचा हत्ती आणि ‘एमिल क्रूझ’ हे नाव होतं. आम्ही सख्ख्या बहिणी, फक्त सासर वेगवेगळं. एकाच मालगाडीने आम्ही दक्षिण डकोटातल्या लिंडल गावी उतरलो.

हॅल्व्हर ट्वेट तिथे धान्याच्या कोठारावर काटा सांभाळायचा. शेतकरी गव्हाची गाडी घेऊन काट्यावर यायचा, हॅल्व्हर खिडकीतून वजन सांगायचा, आणि त्याच्या आकड्यावर कुणी दुसऱ्यांदा विचारायचं नाही. म्हणून तर माझ्या अंगावर ‘पुरेपूर माप’ आलं.

ऑगस्टात जिल्ह्याची जत्रा भरली. मोठ्या शेडमध्ये एका बाजूला डेमोक्रॅटांचं टेबल, समोर रिपब्लिकनांचं, आणि मधोमध चर्चच्या बायकांचं कूकनचं टेबल. कूकन म्हणजे मलईत भाजलेला फळांचा केक. तो मधोमध असल्यामुळेच जत्रेत भांडणं होत नसत, असं मला नेहमी वाटतं. लोक कूकन खात खात दोन्ही टेबलांवरून फुकटचं सगळं गोळा करायचे आणि समोरच्या पक्षाचं कोटाच्या आत लपवायचे.

निळ्या पट्ट्या वाटायला हॅल्व्हरची मुलगी उभी होती. सिग्ने. वीस वर्षांची, नुकतीच शाळेत शिक्षिका म्हणून लागणार होती. तिच्यापुढे येऊन थांबली ती एमिल क्रूझची बायको व्हर्ना, हातात प्लमच्या कूकनची ताटली घेऊन.

“क्रूझकाकू, तुम्ही वाट चुकलात. तुमचं टेबल तिकडे आहे,” सिग्ने हसून म्हणाली.

“माझी शिवणाची पट्टी मोडलीय, पोरी. आणि आमच्याकडच्या अजून आलेल्या नाहीत. दे एक. फुकटच्या पट्टीला कसला आलाय पक्ष!”

सिग्नेने मला तिच्या हाती दिलं. व्हर्नाने मला छत्रीत उभं सरकवलं. तेवढ्यात शेडच्या दारातून एमिल आला, मागे लाल पट्ट्यांचे गठ्ठे घेऊन दोघं. मी छत्रीतून डोकावून पाहिलं आणि चक्रावले. त्या लाल पट्ट्या माझ्या बहिणी नव्हत्याच. वेगळं लाकूड, वेगळी अक्षरं. कुठल्यातरी दुसऱ्या कारखान्यातून घाईघाईने मागवलेल्या.

एमिलची लाकडाची वखार होती. पोलादी टेप त्याच्या खिशात कायम. तो सरळ हॅल्व्हरसमोर गेला.

“हॅल्व्हर, जरा तुझी एक पट्टी दे बघू.”

हॅल्व्हरने दिली. एमिलने टेप काढली, पट्टीवर ताणली आणि सगळ्यांना दिसेल अशी वर धरली.

“पुरेपूर माप म्हणतोस, आणि अर्धा इंच कुठे गेला रे?”

लोक हसले. तोपर्यंतसुद्धा ती गंमतच होती. मग मागून एक शेतकरी ओरडला, “गव्हाच्या काट्यावरही असंच होतं का, हॅल्व्हर?” त्यावरही लोक हसले, पण थोडे कमी, आणि हसून झाल्यावर काहीजण विचारात पडले. हॅल्व्हरने पट्टी परत घेतली, टेप बघितली, पुन्हा पट्टी बघितली. सिग्नेचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला होता.

नोव्हेंबरात हॅल्व्हर एमिलकडून एकतीस मतांनी हरला. उरलेल्या सगळ्या पट्ट्या त्याने घरामागच्या पिंपात जाळल्या, असं व्हर्नाने बाजारातून ऐकून आणलं. पुन्हा तो कधी उभा राहिला नाही.

मी क्रूझांच्या स्वयंपाकघरात, कपाटामागे उभी होते. वाचले, याचा आनंद होता, आणि लाजही वाटत होती.

पुढच्या वसंतात व्हर्नाला घेवड्याच्या वेलांना काठ्या हव्या होत्या. ती वखारीच्या मागच्या खोलीत गेली आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेला एक गठ्ठा घेऊन आली. सोडून बघते तर काय, माझ्या लाल बहिणी! तिने एक घेतली, मला कपाटामागून काढलं आणि आम्हाला शेजारी शेजारी ठेवलं. तंतोतंत सारख्या. मग एमिलची टेप आणून दोघींना लावली. दोघी अर्धा इंच कमी.

रात्री जेवताना तिने लाल पट्टी एमिलच्या ताटाशेजारी ठेवली.

“तुला आधीच ठाऊक होतं.”

एमिल बटाटे चिवडत राहिला. “पट्ट्या आल्या, मी मोजल्या. आपण वखारवाले, मोजणारच. दुसऱ्या मागवल्या.”

“आणि हॅल्व्हरच्याही त्याच कारखान्यातून आल्या होत्या, ते?”

“निवडणूक आहे, व्हर्ना. समोरच्याला आपण होऊन कोण सांगतं?”

“न सांगणं एकवेळ समजेन मी. चारचौघांत टेप काढलीस, ते?”

व्हर्ना उठली, हातोडी आणली, त्याच्या खुर्चीच्या बरोबर समोरच्या भिंतीत खिळा ठोकला आणि मला लटकवलं. नाव बाहेरच्या बाजूला.

“आता रोज जेव,” ती म्हणाली.

तिथे मी चाळीसेक वर्षं राहिले. एमिल चारदा निवडून आला, आणि चारही वेळा विजयाचं जेवण त्याने हॅल्व्हरच्या नावासमोर बसून जेवलं. पक्षाची मंडळी कॉफीला यायची, माझ्याकडे बघून भुवया उंचावायची. “बायकोला शिवायला लागते,” एमिल म्हणायचा. एकदा त्याने माझ्यावर कॅलेंडर टांगलं. दुसऱ्या दिवशी कॅलेंडर मागच्या दारावर होतं.

शिवायला लागायचे, हे मात्र खोटं नव्हतं. व्हर्ना माझ्यावर कापड मापायची आणि शेवटी अंगठा टेकवून अर्धा इंच वाढवून धरायची. त्या घरात एकही झगा कधी तोकडा झाला नाही. मी सुखी होते. कामाला येत होते, उबेला होते, आणि रोज प्लमचा नाहीतर जर्दाळूचा वास.

त्यांची मुलगी लॉरीन तिसरीत गेली तेव्हा सिग्नेबाईंच्या वर्गात पडली. घरी येऊन ती बाईंची नक्कल करायची: “मापायला बसण्याआधी आपली पट्टी शेजाऱ्याच्या पट्टीला लावून बघा. पट्टीवर आंधळा विश्वास ठेवायचा नाही!” व्हर्ना हसायची. एमिल वर्तमानपत्र वर धरायचा. बाईंचा हा नियम कुठून आला असेल, ते मी भिंतीवरून ओळखलं होतं.

एकदाच एमिलने मला खिळ्यावरून काढलं. लॉरीन तेव्हा कॉलेजात होती. त्याने मला गाडीत शेजारच्या सीटवर ठेवलं आणि सरळ धान्याच्या कोठारावर नेलं. गाडी काट्यावर चढवली. खिडकीत हॅल्व्हर, केस पांढरे झालेला.

“काय आणलंस, एमिल?”

“काही नाही. रिकामीच आहे.”

“मग काट्यावर कशाला चढवलीस?”

एमिलने माझ्यावर हात ठेवला. आता बोलेल, आता बोलेल, म्हणून मी श्वास रोखून धरला.

“म्हटलं... बघावं, काटा बरोबर दाखवतो का.”

अरे देवा! इतक्या वर्षांनी क्षमा मागायला आलेला माणूस पुन्हा तोच घाव घालून बसला. त्याचं त्यालाही कळलं. मानेपर्यंत लाल झाला.

“दाखवतो,” हॅल्व्हर म्हणाला. मग बाहेर बघून, “वारा उत्तरेचा आहे आज.”

“हो. रात्री गारठा पडणार.”

झालं. आमच्याकडे बोलायचं सुचलं नाही की हवामान निघतं, आणि हवामान निघालं की विषय संपला. मागे दोन गाड्या हॉर्न वाजवत होत्या. घरी आल्यावर व्हर्नाने विचारलं, “पट्टी दिलीस त्याला?” एमिल म्हणाला, “वारा फार होता.” तिने मला पुन्हा खिळ्याला लावलं.

पुढे हॅल्व्हर गेला. अंत्यविधीच्या दिवशी व्हर्ना त्याच्या घरी बटाट्याचं भरलं भांडं देऊन आली, आणि एमिल चर्चमध्ये शेवटच्या बाकावर बसून आला. आल्या आल्या त्याने मला उतरवलं, पालथं केलं आणि खणातली सुताराची पेन्सिल घेऊन माझ्या पाठीवर सावकाश लिहिलं. मग विचारलं, “आता कुणाला देऊ?”

“मुलगी आहे ना त्याची.”

“तिच्याशी काय बोलू मी?”

व्हर्ना एरवी चांगलंच सुनावणारी. त्या दिवशी तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवून उभी राहिली. मी पुन्हा खिळ्यावर गेले, लिहिलेली बाजू भिंतीकडे. पुढे एमिल गेला. बऱ्याच वर्षांनी व्हर्नाही गेली.

मग मी लॉरीनच्या घरी झाडूच्या कपाटात आले. जोडीला तीच लाल बहीण, व्हर्नाने शिवणाच्या खणात जपून ठेवलेली. तिथले दिवस फारसे मानाचे नव्हते. कपडे धुण्याच्या यंत्रामागे पडलेले मोजे मी काढायचे, खिडकीला टेकण द्यायचे. नाक वर करून जगण्यात अर्थ नसतो. मोजे काढणं हेही कामच.

परवापरवापर्यंत असंच चाललं होतं. मग गावच्या जुन्या रेल्वे स्टेशनात जिल्ह्यातल्या दोन्ही पक्षांच्या जुन्या वस्तूंचं प्रदर्शन भरायचं ठरलं: बिल्ले, टोप्या, फलक. सगळं जमवत होत्या सिग्नेबाई, वय ब्याऐंशी. पोस्टातल्या सूचनाफलकावर त्यांची चिठ्ठी लागली: ‘हॅल्व्हर ट्वेट यांची निळी पट्टी कुणाकडे असल्यास आणून द्यावी. एकही उरलेली नाही.’

लॉरीनने मला कपाटातून काढलं, पुसलं, उलटं केलं, आणि पहिल्यांदाच पाठीवरचं वाचलं. ती तिथेच झाडूंच्यात जमिनीवर बसली.

दुसऱ्या दिवशी आम्हा दोघींना घेऊन ती स्टेशनात गेली. लाल बहीण तिने पाठीमागे धरली होती. सिग्नेबाईंनी मला हातात घेतलं. बासष्ट वर्षांनी तोच हात, आता सुरकुतलेला.

“मिळाली,” त्या म्हणाल्या. “लॉरीन, या पट्ट्या मी मागवल्या होत्या. बाबा म्हणाले होते, आल्या की मोजून घे. मी म्हटलं, बाबा, पट्टीला काय मोजायचं?” त्यांनी ‘पुरेपूर माप’वर अंगठा ठेवला. “त्यांनी मला कधी एका शब्दाने बोल लावला नाही. पण हरवलं मीच त्यांना.”

“बाई, उलटी करा ती.”

त्यांनी चष्मा लावला. माझ्या पाठीवर लिहिलंय: ‘हॅल्व्हर, माझ्याही अर्धा इंच कमी होत्या. मला आधी कळलं आणि मी तुला सांगितलं नाही. चूक तुझी नव्हती. एमिल.’

लॉरीनने लाल पट्टी पुढे केली. बाईंनी आम्हाला टेबलावर शेजारी शेजारी ठेवलं, वर्गात मुलांना सांगायच्या तसं, आणि दोन्ही टोकांवरून बोट फिरवलं. कुठेच अडकलं नाही. त्या किती वेळ तसंच बोट फिरवत होत्या. त्यांच्या डोळ्यांतलं पाणी माझ्या अंगावर पडलं, तेरा आणि चौदा इंचांच्या मध्ये. तिथे आता एक डाग आहे. माझ्या अंगावर मला तोच सगळ्यात जास्त आवडतो.

लॉरीन चुळबुळत होती. शेवटी खिडकीबाहेर बघत म्हणाली, “बाई, बाहेर वारा...”

“वाऱ्याचं राहू दे,” सिग्नेबाई म्हणाल्या. “बस इथे. तुझ्या आईबद्दल सांग मला.”

आणि दोघी संध्याकाळपर्यंत बोलत बसल्या.

आता मी काचेच्या कपाटात आहे, लाल बहिणीशेजारी. मी पालथी, पाठ दिसावी म्हणून. गाढव खाली दबलंय, पण ते सोशीक आहे. शनिवारी माणसं येतात, निळीकडचे निळीशी थांबतात, लालकडचे लालशी, मग पाठीवरचं वाचून दोघंही दुसऱ्या पट्टीकडे वळतात. कधीतरी आलात तर खुशाल टेप घेऊन या. फक्त एक विनंती: एकीला मोजलंत तर दुसरीलाही मोजा.

आमच्याखाली सिग्नेबाईंनी स्वतःच्या अक्षरात एक पाटी लिहिलीय. पक्षांची नावं नाहीत, कोण जिंकलं तेही नाही. एवढंच:

‘लांबी साडेपस्तीस इंच. दोघींचीही.’