विहिरीच्या तळातून मोरीत

मी एक जुना टब आहे. किती जुना, हे मात्र विचारू नका मित्रांनो. टब म्हणून मी दीड वर्षाचा आहे आणि लाकूड म्हणून शंभरीच्या पुढचा. तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्याजवळच्या एका गावात, चंद्राबाईच्या मोरीत मी बसलोय. बघायला येणारा प्रत्येकजण एकच विचारतो, लाकडाचा टब कुजत कसा नाही?

मी जांभळाचा. हे लाकूड पाण्यात लवकर कुजत नाही, म्हणून गावच्या विहिरीचं बांधकाम सुरू होण्याआधी तळाला माझं गोल कडं बसवलं होतं. अंगावर दगड, दगडावर दगड, सगळीकडे पाणी आणि वर रुपयाएवढं आभाळ. दिवसभर दोराला बांधून घागरी खाली यायच्या. घागर कशी बुडते यावरून मला बाई ओळखू यायची. एक कोडं मात्र कधी सुटलं नाही. काठावरून रोज एका लहान मुलीचा आवाज यायचा, "आये, आपल्याला कवा घालत्याल गं?" लगेच दुसरी एक पोर खेकसायची, "थांब की! आमचं हुंदे आदी." त्या पहिल्या मुलीचा आवाज वर्षानुवर्षं ऐकला, पण तिची घागर एकदाही खाली आली नाही. का येत नसेल?

मग गावात नळ आले. विहिरीत कचरा पडू लागला. रस्ता रुंद करायला ती फोडायचं ठरलं, तेव्हा जेसीबीवर चंद्राबाईचा मुलगा अमृत होता. मी चिखलातून वर आलो तो काळाकुट्ट. "जाळायला बी कामाचं न्हाई," कुणीतरी म्हणालं. अमृतनं चावीनं खरवडून बघितलं. आत तांबूस आणि टणक. त्यानं मला टेम्पोत घालून कापूरहोळला गोरखनाना सुतारांकडं नेलं.

त्याच्या डोक्यात आईचे गुडघे होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या भातखाचरात वाकून लावणी केल्यावर उरलेले गुडघे. डॉक्टरांनी रोज गरम पाण्यात बसायला सांगितलं होतं. प्लास्टिकचा टब आणला, तर म्हातारी त्यात नीट बसेपर्यंत पाणी निवायचं. एका फार्महाऊसवर खोदकाम करताना अमृतनं लाकडी टब बघितला होता. तिथली माणसं त्यात शनिवार-रविवार डुंबायची. ज्यांचे गुडघे कधी चिखलात गेले नाहीत त्यांना टब, आणि माझ्या आईला बादली? हे त्याला सलत होतं.

"टब म्या कवा केला न्हाई," गोरखनाना म्हणाले. "पर बैलगाडीची चाकं लई केल्यात."

त्यांनी मला फाडून सावलीत वाळवलं, फळ्या गोलात उभ्या केल्या आणि चाकाला लोखंडी धाव चढवतात तशी तापवून लालभडक केलेली पट्टी माझ्या कमरेला ठोकली. खिळा नाही, डिंक नाही. "पाणी पिऊन फळ्या फुगत्याल आन फटी मिटत्याल," ते म्हणाले. "फकस्त वाळू दिऊ नगंस."

अमृतनं मान डोलावली आणि घरी सांगायचं साफ विसरला.

चंद्राबाई पहिल्यांदा बसली तेव्हा शेजारची फुलाबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. "काय गं चंद्रे, म्हातारपणी हिरोईन झालीस व्हय?"

"झाले की! ये, पाठ चोळ माझी."

पाणी बराच वेळ गरम राहिलं. बूच काढलं की ते परसातल्या अळूला जायचं. महिन्याभरात चंद्राबाई काठी न घेता उंबऱ्यापर्यंत जाऊ लागली.

मे महिन्यात ती सारोळ्याला लेकीकडं गेली. सून नूतन मोठी टापटिपीची. आपल्याकडं काठवट, पोळपाट, खाट, सगळं धुऊन उन्हात टाकायची रीत. तिनं मला घासलं आणि अंगणात ठेवलं. दहा दिवस! माझ्या फळ्या आकसल्या, पट्टी ढिली झाली. अमृतनं पाणी ओतलं तर चहूबाजूंनी धारा लागल्या.

"माज्याच हातानं वाटुळं झालं," नूतन रडू लागली. फुलाबाई म्हणाली, "आता चुलीलाच लावा." अमृतनं रागारागानं कुऱ्हाड काढली. मित्रांनो, माझं लाकूड जळालं असतं आणि त्या म्हातारीचे गुडघे पुन्हा बादलीवर आले असते.

तेवढ्यात चंद्राबाई एसटीतून उतरून आली. "ठिव ती कुऱ्हाड," ती म्हणाली. "जल्मभर पाण्यात व्हतं ते. त्याला उन्हात घातलंसा, मग काय व्हनार?" तिनं तांब्या घेतला. ओतला, गळला. पुन्हा ओतला.

"आत्याबाई, गळतंय की," नूतन म्हणाली.

"गळू दे. त्या इहिरीवर म्या लई हुबी ऱ्हायलेय, पोरी. आमची घागर आत सोडायची न्हाई, पानी बाटंल म्हनं. कुनी वरनं वतंल तवा घ्यायचं. म्या बारकी व्हते. सारकी इचारायची, आये, आपल्याला कवा घालत्याल गं?"

मी तो आवाज ओळखला.

जात बघून एका लेकराला तहानलेलं ठेवत होते, हे मला गुळगुळीत करून सांगायचं नाही. तळाशी मी होतो. तिथं एकच पाणी होतं. बाटवाबाटवी सगळी वरची.

मग फुलाबाई हळूच म्हणाली, "'आमचं हुंदे आदी' म्हनायची ती मीच, चंद्रे." चंद्राबाईनं तिच्याकडं बघितलं. "ठाव हाय मला," ती म्हणाली. फुलाबाईनं बादली उचलली आणि नळाकडं गेली.

तीन दिवस त्या दोघी ओतत होत्या, आणि नूतनही. चौथ्या सकाळी माझ्या बुडाखालची जमीन कोरडी होती.

तेव्हा मित्रांनो, घरात लाकडी टब असेल तर त्याला उन्हात घालू नका. ॲसिडनं घासू नका. तळाला वीतभर पाणी ठेवा आणि ते बदलत राहा. आणि दारात कुणी रिकामी घागर घेऊन उभं असेल, तर त्याला थांबवू नका.

चंद्राबाई रोज सकाळी माझ्यात उतरते. तेव्हा मी सगळ्या फळ्या घट्ट आवळून धरतो. तिच्या वाटणीचं पाणी आता एक थेंबही गळू द्यायचं नाही.